मीठ मारलेला बर्फ

हेमांगी धाकटी सून म्हणून घरात आली तेव्हा जमनाला काही वाटलं नव्हतं. पण ती आरोग्य केंद्रातल्या औषधांच्या खिडकीवर येऊन बसली आणि जमनाच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर केंद्रातल्या एकाही कपाटात गोळी नव्हती.

जमना त्या केंद्रात परिचर. फरशी पुसायची, बाळंतिणीचे कपडे धुवायचे, पट्टीची भांडी उकळायची, हे तिचं काम. पण औषधं देणारा माणूस बदली होऊन गेला आणि त्याची जागा वर्षानुवर्षं रिकामीच राहिली. मग नर्सबाई आतून सांगायच्या आणि जमना खिडकीतून गोळ्या काढून द्यायची. ही सकाळी, ही रात्री, ही जेवणावर. शिरगावच्या किनाऱ्यावरच्या कोळणी असोत नाहीतर रुळापलीकडच्या पाड्यांवरच्या बाया, डॉक्टरांकडून बाहेर आल्या की सरळ खिडकीशी यायच्या आणि म्हणायच्या, "जमना, आता तू सांग." तेवढं एक वाक्य ऐकायला जमना दिवसभर फरशी पुसायला तयार होती.

हेमांगी पाम गावची. औषधांचा कोर्स केलेली, लग्नाआधी बोईसरच्या एका कारखान्यात नोकरी केलेली. जमनाचा धाकटा दीर निमेश तिला लग्न करून घेऊन आला आणि सहा महिन्यांत ती कंत्राटावर केंद्रात लागली. पांढरा कोट घालून खिडकीत बसली. जमनाला म्हणाली, "वैनी, तुमी किती वर्षं हे एकटीनं ओढलंत! आता तुमाला आराम." जमना हसली. त्या दिवशी तिने खिडकीखालची फरशी दोनदा पुसली आणि दोन्ही वेळा बादली हेमांगीच्या पायाशी जरा जोरातच आपटली.

हेमांगी भांडली असती तर बरं झालं असतं. पण तिच्यात भांडणाचा किडाच नव्हता. घरी आल्यावर ती ओटा पुसायची, जमनाआधी उठून बोंबील साफ करायला बसायची, चुकलं तर लगेच "चुकलं, वैनी" म्हणायची. माणसाने रागवायचं तरी कशावर? जमनाचा नवरा प्रताप म्हणायचा, "सोन्यासारखी जाव मिळालीय तुला." हे ऐकलं की जमना भाकरी अशी थापायची की शेजारी कळावं.

त्यात सासू. रखमाबाईला साखरेचा आजार, रोज सकाळी पोटात सुई. ती सुई द्यायला जमना नर्सबाईंकडून शिकली होती आणि बरीच वर्षं तीच देत होती. सासू रोज कण्हायची, रोज शिव्या द्यायची आणि रोज पोट पुढे करायची. आता हेमांगी देते. पहिल्याच दिवशी म्हातारी आळीभर सांगत सुटली, "हेमांगीची सुई कळतच नाय गो! जमनाची म्हंजे गळ घुसल्यासारी." बाया खो-खो हसल्या. जमनाही हसली. बारावीतल्या तिच्या लेकीने, रिद्धीने, त्याच आठवड्यात जाहीर केलं की ती काकीसारखाच कोर्स करणार. आईसारखं काही करायचं असतं हे त्या पोरीच्या डोक्यात कधी आलंच नसावं.

गणपती गेले आणि वाऱ्याने तोंड फिरवलं. समुद्रात जाऊ नका असा इशारा आला, नावा खाडीत परत आल्या. प्रताप आणि निमेशने आदल्याच दिवशी नावेत बर्फ भरला होता. मासा नाही, फेरी नाही, नुसता बर्फ तेवढा नावेच्या पोटात वितळत बसला होता. दोघे भाऊ ओसरीवर बसून आभाळाला शिव्या देत होते. दुपारच्या आत सुरूची दोन झाडं तारांवर कोसळली आणि किनाऱ्यापासून केंद्रापर्यंतची वीज गेली.

केंद्रातला जनरेटर सुरूच होईना. डॉक्टर एका अडलेल्या बाईला घेऊन रुग्णवाहिकेतून गेले होते. हेमांगी सकाळपासून पालघरला होती. इन्सुलिन बरेच दिवस वरून आलं नव्हतं, मागणीवर मागणी पाठवून ती कंटाळली होती, म्हणून स्वतःच जाऊन काही मिळतं का बघायला गेली होती. केंद्रातल्या फ्रिजमध्ये होतं तेवढंच, खोक्यात रांगेने उभ्या केलेल्या बाटल्या. तेवढ्यावर आसपासची साखरेची माणसं जगत होती, घरची म्हातारीसुद्धा त्यातच.

जमनाचा फोन वाजला.

"वैनी, लाइट गेली ना तिकडं? फ्रिज इतक्यात उघडू नका, मी काय सांगते ते ऐका. नावेतला बर्फ हाय ना आपला? तो प्लास्टिकच्या पिशव्यांत भरा. पिशव्यांवर पाणी सुटू द्या जरा, लगेच ठेवू नका. मग थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, वर जाड फडकं, नि मग औषध. औषध बर्फाला लागू देऊ नका. थंड राहिलं पायजे, पन गोठायला नको. गोठलं की मेलंच समजा."

"समजलं."

"फडकं विसरू नका हां. नि पिशव्यांना घाम फुटला की मगच..."

"समजलं म्हटलं ना."

जमनाने फोन ठेवला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बर्फाचं हिने सांगायचं? मला? ज्या पोरीच्या बापाने पाममध्ये जन्मभर भात लावला, तिने कोळ्याच्या लेकीला बर्फ शिकवायचा? जमना चालायला लागली तेव्हापासून बर्फात होती. पहाटे बर्फ फोडून तिची बोटं अशी झाली होती की उन्हाळ्यातसुद्धा टोकं पांढरी पडायची. पालघरच्या बाजारात दुपारपर्यंत जिची सुरमई डोळे उघडे ठेवून पडलेली असायची, ती जमना. इतर बायांचे मासे मऊ पडायचे, जमनाचे पडायचे नाहीत. कारण तिच्या आईने तिला शिकवलं होतं की बारीक बर्फावर जाडं मीठ मारायचं. मीठ मारलं की बर्फ चावायला लागतो, माल दगडासारखा राहतो. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत असतील तर दाखवा.

ती पावसात खाडीवर गेली, नावेतला बर्फ टोपलीत फोडून आणला. वाटेत घरातून मिठाची पिशवी घेतली. "मीठ कशाला?" प्रतापने विचारलं. "माजं मला ठाऊक हाय," ती म्हणाली. केंद्रात मासळीचंच थर्माकोलचं खोकं धुऊन घेतलं, खाली बर्फ पसरला, मूठ मूठ मीठ मारलं, औषधाच्या बाटल्या प्लास्टिकमध्ये बांधून त्यात पापलेटं निजवावीत तशा निजवल्या, वरून पुन्हा बर्फ आणि पुन्हा मीठ. फडकं तिने घेतलं होतं, पण ते खोक्याच्या बाहेरून गुंडाळलं. बघू दे म्हणावं हेमांगीला, बर्फ कसा भरतात ते.

संध्याकाळी वीज आली. जमनाने मोठ्या ऐटीत खोकं उघडलं. बर्फ अजून तसाच चावरा. तिने एक बाटली काढली आणि उलटी केली. आतलं औषध हललं नाही.

तिने दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्या काचेत पांढरं, गच्च, जमलेलं. गोठलं की मेलंच समजा. हेमांगीचा आवाज कानातून जाईना. मग तिने बाटल्या पदरात घेतल्या आणि पोटाशी धरून खुर्चीत बसली. हळूहळू त्यांना पाझर फुटला. तिने एक हलवली. आत दही फुटल्यासारखे कण दिसले, जोरात हलवल्यावर विरघळल्यासारखे झाले. पुन्हा पहिल्यासारखं दुधाळ.

मेलंय कुठे? तिने स्वतःला विचारलं. बर्फात गोठलेली सुरमई मऊ झाली की ती काय रावस होते? सुरमईच राहते, तसंच कालवण होतं. बाटलीतलं पाणी गोठलं आणि परत पाणी झालं, एवढंच. शिकलेल्यांना उगाच भीती घालायची सवय असते. असं ती स्वतःला सांगत राहिली आणि बाटल्या फ्रिजमध्ये आपापल्या जागी लावत राहिली. मिठाचं पाणी मात्र तिने मागच्या दाराने मोरीत ओतलं आणि खोकं धुऊन पालथं घातलं. मनात खोट नसती तर खोकं धुवायची एवढी घाई कशाला केली असती?

अंधार पडता पडता हेमांगी आली, भिजलेली, साडीला चिखल लागलेला. रक्तदाबाच्या आणि तापाच्या गोळ्या मिळाल्या होत्या, इन्सुलिन मिळालं नव्हतं. तिने आल्या आल्या फ्रिज उघडला, बाटल्यांना हात लावून पाहिला आणि वळून जमनाला मिठीच मारली.

"वैनी, आपल्याकडं होतं तेवढंच हो हे! तुमी नसता तर काय झालं असतं?"

बरोबर आलेले डॉक्टरही म्हणाले, "जमनाबाई, शाब्बास." नर्सबाईंनी चहा करायला लावला. घरी गेल्यावर हेमांगीने सगळ्यांना सांगितलं, निमेशने प्रतापच्या पाठीवर थाप मारली, रिद्धी म्हणाली, "आई, भारीच गं तू!" आणि रखमाबाई म्हणाली, "बर्फ तो जमनालाच ठाऊक."

किती महिन्यांनी हे ऐकत होती ती! खरं सांगायचं तर त्या घटकेला जमनाला गोठलेल्या बाटल्या आठवल्यासुद्धा नाहीत. आठवल्या त्या अंथरुणावर पडल्यावर. सांगायचं कसं? आता सांगायचं तर हे सगळं परत द्यावं लागणार होतं. तिने कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी म्हातारीची बाटली संपली, हेमांगीने केंद्रातून नवी आणली. त्याच दुपारी नवसी आली. उमरोळीच्या रेल्वे फाटकापलीकडच्या पाड्यावरून चालत यायची ती. तिच्या नवऱ्याला, झिपरूला, साखरेचा आजार होता. हेमांगी खिडकीत बसलेली असूनही नवसी बाहेरच उभी राहिली आणि फरशी पुसणाऱ्या जमनाला तिने हाक मारली.

"जमनाबाय, तू दे. ही नवी बाय लय भराभरा बोलते, माना कळत नाय."

हेमांगी हसली. "द्या वैनी तुमीच. तुमचं ऐकतात त्या."

तिने बाटली जमनाच्या हातात ठेवली. जमनाने ती नवसीच्या हातात दिली. ओल्या मडक्यात ठेव, सकाळ-संध्याकाळ एवढं एवढं, सुई टोचल्यावर लगेच खायला दे. सगळं नेहमीसारखं सांगितलं. जीभ एकदाही अडखळली नाही. नवसीने बाटली फडक्यात बांधली, फडकं कमरेला खोचलं आणि "तुजा हात चांगला हाय" म्हणून गेली. जमना खिडकीखाली पुन्हा बसली आणि पुसलेलीच जागा पुन्हा पुसत राहिली.

म्हातारीने दोन-तीन दिवसांत खाट धरली. सारखं पाणी मागायची, सारखी मोरीकडे धावायची, तोंडाला कोरड. "जीव कसानुसा होतोय गो," म्हणायची. हेमांगीने सकाळी बोटाला टोचून साखर तपासली आणि यंत्राकडे बघून तिचा चेहरा उतरला.

"आये, काय खाल्लंत तुमी?"

"काय नाय. तुज्यासमोर भाकरी खाल्ली."

"खरं सांगा. गणपतीचे लाडू राहिलेत डब्यात. एवढी साखर उगाच चढत नाय. सुई मी रोज देते."

रखमाबाई खाटेवर उठून बसली. सत्तरीची बाई, नवरा समुद्रात गेल्यावर एकटीने दोन पोरं वाढवलेली. तिला कोणी लाडूचोर म्हणावं?

"मला चोर म्हनतेस? इतकी वर्षं जमना सुई देत होती, तिनं कदी असं तोंड वाजवलं नाय! जमना, सांग हिला. डबा बघ. तू खोटं बोलायची नाय."

तिने जमनाचा हात धरला. सुकलेला, तापलेला पंजा जमनाच्या मनगटाभोवती घट्ट बसला. ओसरीवरून प्रताप आत डोकावला आणि हेमांगीकडे जरा वाकडंच बघून म्हणाला, "म्हातारीला बोलायचं असं?" रिद्धीसुद्धा काकीकडे न बघता आजीजवळ येऊन बसली. हेमांगी एकटी मधोमध उभी होती, यंत्र हातात धरून, रडायच्या बेताला आलेली.

हेच हवं होतं जमनाला. अगदी असंच. सुनेचा मान, म्हातारीचा हात, आणि पांढऱ्या कोटाची मान खाली. क्षणभर तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

"मी नाय ओरडत, आये," हेमांगी डोळे पुसत म्हणाली. "मग औषध कमी पडतंय. डॉक्टरना विचारून आजपासून वाढवून देते. पालघरहून नवीन माल पन निघालाय, उद्या येईल. वाढवलेला डोस तसाच पुढं चालू ठेवू."

जमनाच्या डोक्यात लख्ख झालं. इतक्या वर्षांच्या सुया तिच्या हातून गेल्या होत्या. मेलेल्या औषधावर डोस वाढवायचा आणि उद्या तोच डोस जिवंत औषधाचा द्यायचा? साखर अशी खाली जाईल की म्हातारी उठणारच नाही. पाप हेमांगीच्या माथी, आणि म्हातारीचा हात मात्र आत्ता जमनाच्या हातात.

तिने म्हातारीची बोटं एकेक करून सोडवली.

"आयेनं काय खाल्लं नाय," ती म्हणाली. "औषध मेलंय. मी मारलं. मीठ मारून बर्फ भरला, सगळं गोठलं. मी वितळवून परत ठेवलं."

रखमाबाईने आपला हात गोधडीत ओढून घेतला.

हेमांगीने विचारलं, "सगळं?"

"सगळं."

"नि त्यातलं बाहेर कोनाला दिलंय?"

"आयेला. नि नवसीला."

हेमांगीने लगेच फोन काढला. आधी डॉक्टरांना, मग तारापूरच्या बाजूच्या एका केंद्रात ओळखीच्या मुलीला, दोन बाटल्या उसन्या मागायला, मग रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला. म्हातारीला केंद्रात न्यायला तिने निमेशला सांगितलं. सगळं एका दमात. चपला घालताना मात्र ती थांबली.

"वैनी, मला सांगायचं होतंत तेवाच. मी ओरडले असते का तुमाला?"

"नाय ओरडली असतीस," जमना म्हणाली. "त्याच्यापायी तर नाय सांगितलं."

हेमांगीला ते समजलं की नाही कोण जाणे. ती जमनाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "चला. नवसी माज्या हातात बाटली द्यायची नाय. तुमालाच मागायला लागेल."

उसन्या बाटल्या वाटेत घेऊन रुग्णवाहिका फाटक ओलांडून पाड्यावर पोचली तोवर ऊन तापलं होतं. नवसीच्या झोपडीत झिपरू भिंतीला टेकून बसला होता, श्वास जोरात, नजर भलतीकडे. बायकोने तोंडाशी धरलेला पाण्याचा गडू त्याच्या हनुवटीवरून ओघळत होता. हेमांगीने त्याच्या बोटाला टोचलं, यंत्र बघितलं आणि डॉक्टरांना फोन लावत बाहेर अंगणात गेली. "पालघरला न्यायला पायजे, आत्ताच," ती ड्रायव्हरला म्हणाली.

नवसीने जमनाला बघितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"आलीस बाय! सुई देते मी, तू सांगलीस तशीच देते, पन उतार नाय."

"ती बाटली दे मला, नवसी. ती खराब हाय."

नवसीने ओल्या मडक्यातून बाटली काढली आणि काही न विचारता जमनाच्या हातावर ठेवली. मग दाराबाहेर उभ्या हेमांगीकडे बोट दाखवून म्हणाली, "हिनं बिघडवली ना? माना पहिल्या दिसापासून ठाऊक होतं. तुज्या हातचं कदी वायट निघालं नाय."

हेमांगीने ऐकलं. फोन कानाला तसाच धरून ती दुसरीकडे बघत राहिली. तिने तोंड उघडलं नाही. उघडणारही नव्हती, हे जमनाला कळलं. आज गप्प बसलं तरी चाललं असतं. औषध परत मिळालं होतं, माणूस दवाखान्यात जाणार होता. या एका पाड्यावर, या एका बाईजवळ, जमना होती तशीच राहिली असती.

"तिनं नाय," जमना म्हणाली. "मी बिघडवली. बिघडलेली ठाऊक असून तुला दिली."

नवसीने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. बाजारात ओळखीच्या कोळणीने कुजका मासा बांधून दिल्यावर माणूस बघतं तसं, आधी माशाकडे आणि मग तिच्या तोंडाकडे. मग ती उठली, जमनाच्या अंगावरून बाहेर गेली आणि हेमांगीचा हात धरून म्हणाली, "बाय, तू चल आमच्यासंगं."

पाड्यावरच्या दोघा-तिघांनी झिपरूला उचलून गाडीत घातलं. त्याच्या पायाशी नवसी बसली, डोक्याशी हेमांगी. जमना दाराशी आली, पण आत जागा नव्हती आणि कोणी सरकूनही बसलं नाही. गाडी सुरू झाल्यावर नवसीने मागच्या काचेतून हात हलवला. जमनाला वाटलं ती काही सांगतेय, म्हणून ती धावत जवळ गेली.

"कोंबड्या झाक," नवसी ओरडली. "कुत्रा येतो."

गाडी वळणापलीकडे गेली. जमनाने मेलेली बाटली कमरेला खोचली, अंगणात पडलेली टोपली उचलली आणि भेदरून चहूकडे पळणाऱ्या कोंबड्यांच्या मागे वाकून धावायला लागली.